रिकाम्या खुर्च्यांचा हिशोब

विल्यम ड्यू बॉईस नावाचा वीस वर्षांचा मुलगा १८८८ साली अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठातून पदवीधर झाला आणि त्याच वर्षी हार्वर्डला गेला. पुढचं शिकायला नव्हे, पुन्हा बी.ए.च करायला! हार्वर्डने त्याला पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसवलं. फिस्क ही यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांसाठी निघालेली संस्था. तिथली अख्खी पदवी म्हणजे आमच्याकडची पहिली दोन वर्षं, असा हार्वर्डचा सरळ हिशोब होता. १८९० मध्ये ड्यू बॉईसने दुसऱ्यांदा बी.ए. केलं, १८९१ मध्ये एम.ए., आणि १८९५ मध्ये तो हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन झाला.

(अवांतर: पुढे मोठे विचारवंत झालेल्या याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागतायत हे कळल्यावर त्या निवेदनाची प्रत त्यांनी मागवली होती.)

आता ही गोष्ट 'जिद्दीचा विजय' म्हणून सांगता येते, आणि तशी ती आहेच. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. एका कॉलेजातून मधूनच दुसऱ्या, जास्त नावाजलेल्या कॉलेजात जायचं म्हटलं की दोन प्रश्न येतात. तुझं आधीचं शिक्षण आम्ही किती मोजायचं? आणि आमच्याकडे खुर्ची रिकामी आहे का? मुलगा हुशार आहे की नाही हा प्रश्न या दोन्हींच्या नंतरचा. ट्रान्सफरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांना कोणी, कधी, काय उत्तर दिलं त्याचा इतिहास आहे.

हा विषय डोक्यात शिरायचं कारण घरगुती. माझा मामा वायटूकेच्या लाटेत कॅलिफोर्नियाला गेला तो तिकडचाच झाला. त्याचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. बारावीनंतर हवी ती कॉलेजं मिळाली नाहीत म्हणून तो कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात शिकतोय. पुण्यातल्या नातेवाइकांचा फोन आला की मामी "कॉम्प्युटर्स करतोय" एवढंच सांगते आणि विषय हवापाण्यावर नेते. कॉलेजचं नाव घेत नाही. मध्यंतरी मामाने मला फर्मान सोडलं, "तू इंजिनियर आहेस ना, मग एक एक्सेल करून सांग. दोन वर्षांनी त्याला बर्कलेला जायचे चान्सेस किती? आणि प्रिन्स्टनचे?"

एक्सेल उघडली. जीपीए, सबमिशन, निबंध असे कॉलम टाकले आणि लक्षात आलं की आधी थोडा इतिहास वाचल्याशिवाय यात एकही आकडा भरता येणार नाही.

पहिला प्रश्न मोजण्याचा. ड्यू बॉईसच्या काळात एका कॉलेजातलं 'एक वर्ष' म्हणजे नेमकं किती शिक्षण, याला सगळीकडे चालेल असं मापच नव्हतं. ते माप आलं गंमतशीर वाटेने. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन देण्यासाठी मोठी देणगी दिली. पेन्शन द्यायची तर 'कॉलेज' म्हणायचं कशाला हे आधी ठरवायला हवं. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की शाळेत अमुक इतक्या तासांचा अभ्यास झालेल्यालाच प्रवेश देणारी संस्था ती कॉलेज. त्यातून 'कार्नेगी युनिट' जन्माला आलं, आणि त्याच धर्तीवर कॉलेजात 'क्रेडिट अवर' रुजला. प्राध्यापकांच्या म्हातारपणाची सोय करता करता शिक्षणाचं चलन तयार झालं म्हणा ना! आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्सना एकमेकींशी बोलायला एक कॉमन फॉरमॅट मिळाला.

पण चलन छापलं म्हणून ते समोरच्या दुकानात चालेलच असं नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या कॉलेजात वाया गेली, असा त्यांचा अंदाज होता. ड्यू बॉईसची चारपैकी दोन वर्षं गेली, म्हणजे ५० टक्के. सव्वाशे वर्षांत प्रगती किती, तर सात टक्क्यांची :-)

दुसरा प्रश्न खुर्चीचा, आणि खरी मजा तिथे आहे.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं मत होतं की पदवीची पहिली दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं ही मुळात वेगळी कामं आहेत. पहिली दोन शाळेच्या जवळची, पुढची दोन खऱ्या विद्यापीठाची. त्यांनी शिकागोत तशी विभागणी केलीच, शिवाय पहिली दोन वर्षं इतर संस्थांनी शिकवावीत असा आग्रहही धरला. त्यातून १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या हायस्कुलात पुढची दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. विद्यार्थी किती? सहा! आज जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज समजलं जातं. कॅलिफोर्नियाने १९०७ साली हायस्कुलांना असे वर्ग चालवायची परवानगी देणारा कायदा केला आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिला वर्ग निघाला.

मग दुसरं महायुद्ध संपलं. १९४४ च्या 'जी.आय. बिल' कायद्यामुळे घरी परतलेल्या सैनिकांची कॉलेजची फी सरकार भरू लागलं. १९४७ साली अमेरिकन कॉलेजांमधला जवळजवळ प्रत्येक दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. त्यांच्या पाठोपाठ युद्धानंतर जन्मलेली प्रचंड पिढी येणार हे दिसतच होतं. खुर्च्या कुठून आणायच्या?

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये याचं जे उत्तर काढलं ते मला एखाद्या चांगल्या सिस्टिम डिझाइनसारखं वाटतं. त्याचं नाव 'मास्टर प्लॅन', आणि त्यामागचा मुख्य माणूस क्लार्क कर, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा अध्यक्ष. योजना तीन मजली. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (बर्कले, यूसीएलए वगैरे). वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजेस. आणि ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज, ज्याला तेव्हा ज्युनियर कॉलेज म्हणत.

इथवर वाचलं तर ही नुसती चाळणी वाटते. पण योजनेत आणखी एक कलम होतं. युनिव्हर्सिटीने आपल्या पहिल्या दोन वर्षांच्या आणि नंतरच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ४०:६० ठेवायचं. ओळीत बघाल तर फक्त दोन आकडे. पण अर्थ असा की तिसऱ्या वर्षात मुद्दाम जास्त खुर्च्या मांडून ठेवायच्या आणि त्या खालच्या मजल्यांवरून आलेल्यांनी भरायच्या. कोणी कॉलेज सोडून गेलं तर तुझा नंबर, असला प्रकार नाही. तुझी खुर्ची आधीच मांडलेली आहे, तू पोच.

या वाटेने गेलेल्यांपैकी आपल्या धंद्यातलं एक नाव म्हणजे स्टीव्ह वॉझ्नियाक. कोलोरॅडो विद्यापीठात एक वर्ष काढून (आणि तिथला कॉम्प्युटरचा वेळ वाट्टेल तसा वापरून) तो डी अँझाला आला, आणि तिथून १९७१ मध्ये बर्कलेला. तेही अर्धवट सोडून त्याने नोकरी धरली, १९७६ मध्ये ॲपल काढली, आणि १९८६ मध्ये 'रॉकी क्लार्क' अशा खोट्या नावाने येऊन बर्कलेची डिग्री पूर्ण केली. मामीला हे मी मुद्दाम कळवलंय. ज्या कॉलेजचं नाव ती फोनवर घेत नाही, त्याच कॉलेजात हा बाबा शिकलाय.

आता खासगी विद्यापीठांकडे वळू, कारण मामाच्या यादीत प्रिन्स्टनपण आहे.

खासगी वसतिगृही विद्यापीठाचं गणित वेगळं असतं. तिथे खुर्ची म्हणजे खरं तर कॉट. मुलं चारही वर्षं कॅम्पसवर राहतात, पहिल्या वर्षाला नेमकी तेवढीच घेतात, आणि मधेच सोडून जवळपास कोणी जात नाही. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी साधारण ९७ टक्के मुलं पदवी घेऊनच बाहेर पडतात. मग मधे जागा होणार कशी?

प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर घेणंच बंद केलं. तब्बल अठ्ठावीस वर्षं! त्या काळात जगातला सगळ्यात हुशार मुलगा जरी दुसऱ्या कॉलेजातून प्रिन्स्टनला यायचं म्हणाला असता तरी त्याची शक्यता 'कमी' नव्हती, शून्य होती. २०१८ मध्ये दार पुन्हा उघडलं. १,४२९ अर्ज आले, १३ जणांना प्रवेश देऊ केला. म्हणजे ०.९ टक्के. त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा दर होता ५.५ टक्के. ट्रान्सफरने आत जाणं सहापट अवघड.

हार्वर्डची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००८ च्या मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढची दोन वर्षं ट्रान्सफर घेणार नाही. कारण? वसतिगृहात गर्दी झालीय. त्या वर्षीच्या अर्जांची मुदत तोवर उलटून गेली होती. मुलांनी निबंध लिहून, प्राध्यापकांची पत्रं मिळवून अर्ज पाठवलेले होते. त्यांच्यात काही कमी होतं म्हणून ती नाकारली गेली नाहीत. त्यांच्या फायली तराजूत पडल्याच नाहीत, कारण तराजूच उचलून ठेवला होता. कल्पना करा, एखाद्या मुलाने आयुष्यभर 'हार्वर्डने मला घेतलं नाही' असं मनाशी धरून ठेवलं असेल, आणि खरं कारण होतं कॉट कमी पडणं.

उलट बाजूला, यूसीएलएचे अलीकडच्या वर्षांतले आकडे बघा. पहिल्या वर्षाला प्रवेशाचा दर साधारण ९ टक्के, ट्रान्सफरला साधारण २५ टक्के. आणि ट्रान्सफरने घेतलेल्यांतली ९० टक्क्यांहून जास्त मुलं कॅलिफोर्नियातल्याच कम्युनिटी कॉलेजांमधली. पुढच्या दाराने जाण्यापेक्षा बाजूच्या दाराने जाणं सोपं! ही मुलं प्रिन्स्टनला अर्ज करणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट भाग्यवान आहेत का? नाही. कोणीतरी १९६० साली ४०:६० लिहून ठेवलं, एवढंच.

हे सगळं वाचताना मला आमच्या कॉलेजातले 'डी-टू-डी'वाले आठवत होते. महाराष्ट्रात इंजिनियरिंग केलेल्यांना सांगायला नको, दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला येणारी पोरं. त्यांच्यासाठीही ठराविक जागा राखलेल्या असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. म्हणजे छोट्या प्रमाणात आमचा ४०:६०च की. बारावी करून आलेले आम्ही त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचो. एम-थ्रीला त्यांची दमछाक व्हायची हे खरं. पण मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला आमचं किट चालेना की आम्ही निमूटपणे त्यांच्याच टेबलाशी जाऊन उभे राहायचो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी दहावीनंतर डिप्लोमा धरला तो 'लवकर नोकरी लागेल' म्हणून, घरची परिस्थिती बघून. दुसऱ्या वर्षातली ती खुर्ची मांडलेली नसती तर ते आमच्या वर्गात आलेच नसते, आणि आम्हालाही त्यांची हुशारी कळली नसती.

असो. तर मामाच्या एक्सेलचं काय झालं?

पहिला कॉलम: खुर्ची मुद्दाम मांडलेली आहे की कोणी उठून जायची वाट बघायचीय? दुसरा: कुठला विषय? कारण यूसीएलएचे ते २५ टक्के सगळ्या विषयांचे मिळून आहेत. तिथल्या आणि बर्कलेच्या कॉम्प्युटर सायन्सचा ट्रान्सफरचा दर एकअंकी असतो, म्हणजे मामाने आनंदाने उडी मारायच्या आधी हा कॉलम बघावा. तिसरा: कुठले विषय तिकडे मोजले जातील? कॅलिफोर्नियात कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरतात याची जाहीर यादीच असते. ती बघून पहिल्या दिवसापासून विषय घेतले तर ते ४३ टक्क्यांचं नुकसान टळतं. मुलाचे मार्क हा चौथा कॉलम.

शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसेसची ट्रान्सफरची लेखी हमी मिळते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. ठरलेले विषय, ठरलेले मार्क, की जागा पक्की (काही मागणीचे विषय सोडून). बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत. तिथे अंदाज बांधत बसायची गरजच नाही असा एक रस्ता उपलब्ध असताना आपले लोक रात्र रात्र बर्कलेची टक्केवारी चघळत बसतात.

प्रिन्स्टनच्या ओळीत मी ०.९ लिहिलं आणि पुन्हा खोडलं. कारण तो सरासरी आकडा कोणा एकाचा नसतोच. प्रिन्स्टनने दार उघडलं तेच माजी सैनिक, कम्युनिटी कॉलेजची आणि कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं यांना डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे दुसऱ्या एखाद्या नामांकित विद्यापीठात सुखाने शिकणाऱ्या पैकीच्या पैकी मार्कांच्या मुलापेक्षा डी अँझाचा मुलगा त्यांच्या हेतूच्या जास्त जवळ आहे. पण तेरा खुर्च्यांमध्ये 'जास्त जवळ' याला किती अर्थ असणार? त्या चौकोनात मी शेवटी लिहिलं, 'अर्ज जरूर करावा, उत्तराची वाट बघत बसू नये.'

मास्टर प्लॅनचं कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. खुर्ची मांडली तरी तिच्यापर्यंत पोचतात फार थोडे. कॅलिफोर्निया राज्याच्या ऑडिटरने २०२४ मध्ये दाखवून दिलं की ट्रान्सफर व्हायचं म्हणून कम्युनिटी कॉलेजात आलेल्या दर पाचांतला जेमतेम एक चार वर्षांत खरोखर ट्रान्सफर होतो. बाकीचे बर्कलेने नाकारलेले नाहीत. त्यातल्या बहुतेकांचा अर्ज तिथवर जातच नाही. नोकरी, घरभाडं, चुकीचे निवडलेले विषय, राहून गेलेलं एखादं गणित. पूर्वी ही कॉलेजं फुकट होती, १९८४ पासून तिथेही फी आली. दाराशी उभ्या असलेल्यांची टक्केवारी आपण मोजतो, रस्त्यात थांबलेल्यांची मोजत नाही. मामेभावाला खरा धोका आहे तो इथे, आणि त्यावर उपाय त्याच्या हातात आहे.

आता आपल्याकडेही हा विषय येतोय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभा हा मोठा मुद्दा आहे, आणि २०२१ मध्ये यूजीसीने 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम काढले. मिळवलेली क्रेडिट्स बँकेत जमा करा, हवी तिथे वापरा. कल्पना उत्तम आहे. पण ते ड्यू बॉईसच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचंच उत्तर झालं. नांदेडच्या किंवा चिपळूणच्या कॉलेजात दोन वर्षं मन लावून शिकलेल्या मुलीच्या खात्यात क्रेडिट्स असतील, पण मुंबई-पुण्याच्या ज्या कॉलेजात तिला जायचंय तिथे तिसऱ्या वर्षात तिच्यासाठी खुर्ची कोण मांडणार? अमुक टक्के जागा तिसऱ्या वर्षासाठी राखा, असं जोवर कोणी आकड्यात लिहून देत नाही, तोवर ते पासबुक नुसतं बघायलाच.

त्यामुळे यापुढे कोणी 'माझ्या भाच्याचे चान्सेस किती' विचारलं तर मी आधी भाच्याचे मार्क विचारणार नाही. त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला किती खुर्च्या आहेत आणि पहिल्या वर्षाला किती, एवढं विचारीन.